नव्या पोरांना आधी डीबगर शिकवायचा की प्रिंट?

शाहूपुरी_बॅकएंड:
कोल्हापुरात जँगो-फ्लास्क ही पायथनची वेब फ्रेमवर्कं शिकणारी पोरं वाढलीत, पण कोड अडला की ओळीओळीला प्रिंट मारून किमती छापत बसतात. माझं मत, पहिल्याच आठवड्यात डीबगर, म्हणजे कोड मधेच थांबवून आतल्या किमती दाखवणारं साधन, हातात द्या.

गुळाच्या सौद्याचं बिल घ्या. फॉर्ममधून दोन रव्यांची, म्हणजे ढेपांची, वजनं आली, ३० आणि १०. बेरीज ४० हवी, पडली ३०१०. प्रिंट मारलं तर ३० आणि १० असंच दिसतं, चूक कळतच नाही. पीडीबी या पायथनच्या डीबगरात थांबून 'पी' ही कमांड देऊन बघितलं की तेच वजन अवतरणचिन्हांत दिसतं. म्हणजे तो आकडा नाही, स्ट्रिंग म्हणजे मजकूर आहे, म्हणून बेरजेऐवजी दोन्ही नुसते जोडले गेले. फॉर्ममधून येणारं सगळं स्ट्रिंगच असतं, त्याचा डेसिमल आकडा करायचं राहून गेलंय.

२०१८ च्या पायथन ३.७ पासून वेगळा इम्पोर्टही लागत नाही, थांबायचं तिथं ब्रेकपॉइंट फंक्शन लिहिलं की झालं. 'एन' म्हणजे पुढची ओळ, 'एस' म्हणजे फंक्शनच्या आत, 'डब्ल्यू' म्हणजे इथवर कुठून आलो, 'यू' म्हणजे बोलावणाऱ्याकडे एक पायरी वर, 'सी' म्हणजे कोड पुढं चालू दे. एका दुपारचं काम आहे.

रंकाळा_लॉग:
भावा, उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही पटला. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगमध्ये (व्हेरिएबल घातलेला मजकूर) व्हेरिएबलच्या नावापुढं बरोबरचं चिन्ह टाकलं की प्रिंटमध्येही अवतरणचिन्हं दिसतात. त्याला डीबगर कशाला?

खरी अडचण पुढं आहे. तू कोड थांबवतोस, पण भोवतीचं काही थांबत नाही. गनिकॉर्न हा पायथनचा सर्व्हर ३० सेकंद वाट बघतो आणि रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस, म्हणजे वर्करच मारून टाकतो. त्याच्या पुढं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तो ६० सेकंदांनी ५०४, म्हणजे वेळ संपल्याची एरर, देतो. डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनच्या मधोमध, रो लॉक (एका ओळीचं कुलूप) धरून थांबलास तर मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये त्याच रोसाठी आलेली दुसरी रिक्वेस्ट ५० सेकंद ताटकळते आणि १२०५ एरर घेऊन पडते. नवं पोरगं ती एरर खरी समजून तिच्याच मागं लागतं.

आणि चपलेचा शेवटचा जोड दोन गिऱ्हाइकांना विकला गेला, असला बग डीबगरनं सापडायचा नाही. तू 'एन' दाबत बसलास की दोन रिक्वेस्टींचा क्रम तूच ठरवतोस, बग गायब. तिथं मिलिसेकंदाची वेळ आणि रिक्वेस्टचा आयडी असलेला लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवहीच लागते.

शाहूपुरी_बॅकएंड:
शेवटचा मुद्दा मान्य. पण टाइमआउटचा दोष डीबगरच्या माथी मारू नकोस राव. स्वतःच्या मशीनवर जँगोचा रनसर्व्हर हा साधा सर्व्हर पुरतो. गनिकॉर्नच हवा असेल तर वर्कर १ आणि टाइमआउट ० ठेवायचा. कोड डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त डब्यात, चालत असेल तर कंपोज या सेटिंगच्या फाइलमध्ये स्टँडर्ड इनपुट (कीबोर्डचा मजकूर) आणि टीटीवाय (टर्मिनल) दोन्ही चालू करून कंटेनरला अटॅच व्हायचं. ते विसरलं की पीडीबीला इनपुटच मिळत नाही, तो लगेच 'बीडीबीक्विट' ही एरर देऊन पडतो. बाहेर पडताना कंट्रोल-पी, कंट्रोल-क्यू. कंट्रोल-सी दाबलं तर सर्व्हरच बंद होतो.

उचगाव_पीएचपी:
पीएचपीवाल्यांना तर डीबगरशिवाय गत्यंतर नाही. जेसन (डेटा पाठवायचा फॉरमॅट) देणाऱ्या फाइलीत व्हार-डंप, म्हणजे पीएचपीचं प्रिंट, राहिला की उत्तराच्या सुरुवातीला भलताच मजकूर जातो आणि फ्रंटएंडला जेसन वाचताच येत नाही.

एक्सडीबग हा पीएचपीचा डीबगर चालत नाही म्हणणाऱ्यांनी आधी पोर्ट बघा. आवृत्ती ३ पासून तो ९००३ आहे. जुना ९००० पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या पोर्टशी भांडायचा, म्हणून बदलला, पण जुन्या ट्युटोरियलात अजून ९०००च आहे. दुसरं, पाथ मॅपिंग. कंटेनरमधला फोल्डर आणि तुमच्या मशीनवरचा फोल्डर यांची जोडी एडिटरला सांगितली नाही, तर ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका दिसतो पण कोड तिथं थांबत नाही. आणि स्टार्ट-विथ-रिक्वेस्ट हे सेटिंग 'ट्रिगर'वर ठेवा, 'येस'वर असलं तर प्रत्येक रिक्वेस्ट एडिटरला जोडायला जाते.

रंकाळा_लॉग:
सेटिंगचं ठीक. पण शाहूपुरी, जँगोचा क्वेरीसेट (डेटाबेसकडून मागायच्या ओळींचा संच) आळशी असतो, गरज पडेपर्यंत क्वेरी मारत नाही, हे पोरांना सांगतोस का? एडिटरच्या बाजूच्या पॅनलमध्ये व्हेरिएबल दिसावा म्हणून डीबगर त्याचं छापायचं रूप मागतो, आणि तेवढ्यानं २१ ओळींच्या मर्यादेची एक क्वेरी डेटाबेसवर जाते. पान हळू का, हे शोधत क्वेरी मोजत असशील तर तुझी मोजणीच चुकली. नुसत्या बघण्यानं निकाल बदलतो, आणि बघणाऱ्याला पत्ता नसतो.

ताराबाई_रोड_फ्रंटएंड:
दोघांनी ब्राउझर सोडूनच दिला. ४०० ओळींच्या टेबलात एकच वजन चुकत असेल, तर क्रोममध्ये ओळ क्रमांकावर राइट क्लिक करून अट घाला, 'वजन १०० पेक्षा जास्त', कोड तेवढ्यालाच थांबतो. थांबवायचं नसेल तर तिथंच लॉगपॉइंट आहे. कन्सोलवर छापतो, कोडला हात लावत नाही, म्हणून कमिटमध्ये काही राहून जात नाही.

रंकाळा_लॉग:
ताई, लॉगपॉइंट एकदम मान्य, पोरांना आधी तोच दाखवा. बॅकएंडला मात्र धास्ती राहतेच. फ्लास्कचा डीबग मोड चालू ठेवून सर्व्हरवर चढवला, की एररच्या पानातूनच सर्व्हरवर पायथन चालवता येतं. मध्ये फक्त एक पिन असतो, त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

शाहूपुरी_बॅकएंड:
त्यात वाद नाही, डीबग मोड आपल्या मशीनपुरताच. कोडात विसरलेल्या ब्रेकपॉइंटसाठी सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'पायथनब्रेकपॉइंट' हा व्हेरिएबल ० ठेवायचा, मग तो कॉल काहीच न करता पुढं जातो. पण ब्रेकपॉइंटऐवजी पीडीबीचं 'सेट-ट्रेस' लिहिणाऱ्यांना हे लागू नाही, तो थेट थांबतो. म्हणून पोरांना पहिल्या दिवसापासून ब्रेकपॉइंटच लिहायला लावा.