मदत हवी आहे: शेल्टरमधल्या बुजऱ्या कुत्रीला एक दिवस बाहेर न्यायचंय

नमस्कार मंडळी,

शहराबाहेरच्या एका शेल्टरला मी सुट्टीच्या दिवशी जात असतो, पिंजरे धुणं, भांडी घासणं, जमेल तसं कुत्र्यांना फिरवणं. तिथे खारी नावाची देशी कुत्री आहे, नाव रंगावरून पडलंय. नसबंदी झालीये (कानाचा कोपरा कापलेला आहे), लसीही झाल्यात. चावरी अजिबात नाही, फक्त प्रचंड भित्री. बाकीची पोरं माणूस दिसला की जाळीवर उड्या मारतात आणि ही पाण्याच्या ड्रममागे जाऊन बसते. हातावर उकडलेलं चिकन ठेवून मी तोंड दुसरीकडे फिरवलं की हळूच येऊन घेते, बघितलं की नाही घेत. घाबरली की फरशीवर पंजांचे ओले ठसे उमटतात, मला वाटलं पाण्यात पाय पडला असेल, तर तिथल्या ताई म्हणाल्या कुत्र्यांना घाम तळव्यांना येतो.

तर दत्तक घ्यायला येणाऱ्यांना ही दिसतच नाही ना, ड्रममागे असते. शेल्टरवाले आता एका दिवसासाठी बाहेर न्यायला देतात, सकाळी न्या, पाचच्या आत आणून सोडा, म्हणजे बाहेर कशी वागते ते कळतं आणि चार बरे फोटो मिळतात. मी नाव देऊन टाकलं आणि आता टेन्शन आलंय.

मनात होतं की रविवारी सकाळी वेताळ टेकडी, मग दुपारी घरी. पण घर नारायण पेठेत, तिसरा मजला, ती लिफ्टमध्ये येईल का देव जाणे, आणि सध्या नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू आहे, आवाज थेट हॉलमध्ये येतो. सराव संध्याकाळचा असतो, तोवर ती परत गेलेली असेल असं आई म्हणते, पण रविवारी काही पथकं लवकर सुरू करतात. शिवाय घरी आज्जी, तिला कुत्री जरा जास्तच आवडतात, म्हणजे "ये गं बाई, ये" करत मागे मागे फिरणार.

माझ्याकडे स्कूटर आहे, ती बादच. रिक्षा चालेल का, की मित्राची कार मागू? आणि पट्ट्याचं काय करायचं? तिचं डोकं निमुळतं आहे, उलट्या पावली ओढ घेतली की पट्टा कानांवरून सरळ निघून येतो, परवा आवारातच होती म्हणून निभावलं. कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.

दोन_शेपट्या: सगळ्यात आधी पट्टा, बाकी नंतर. हार्नेस घ्या आणि वेगळी कॉलरही ठेवा, दोन्हींना वेगवेगळी दोरी, एक हातात आणि एक कमरेला बांधून. कॉलरला तुमचा नंबर लिहिलेला बिल्ला. हार्नेस त्याच दिवशी पहिल्यांदा चढवू नका, आधी शेल्टरमध्येच घालून चिकन द्या, सवय होऊ द्या. रिक्षा नको, दोन्ही बाजूंनी उघडी असते, सिग्नलला मागून बस हॉर्न मारेल आणि ही उडी टाकेल. कारचं दार बंद गेटच्या आत असतानाच उघडायचं आणि दोरी हातात आल्याशिवाय उघडायचंच नाही. भित्री कुत्री पळतात ती बहुतेक अशा दारातूनच, आणि एकदा पळाली की तुमच्या हाकेला येणार नाहीत कारण हाक मारणाराही त्यांना नवाच असतो.

टेकडीवाली: रविवारी वेताळ टेकडी अजिबात नको. पहाटेपासून जत्रा असते, आणि वरची कुत्री टोळीने येतात, नवीन कुत्रं दिसलं की घेरतात. मुळात दिवसभरासाठी दिलीये म्हणून दिवसभर फिरवायलाच हवी असं कुठे आहे? एकच शांत जागा निवडा, तीही कुंपण असलेली, कोणाचं भूगाव-पिरंगुटकडे घर वगैरे असेल तर बेस्ट. सतरंजी टाका, बाजूला बसा, पुस्तक वाचा. तिला वास घेऊ द्या, मनसोक्त. झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, ही ताणाची लक्षणं. एरवी खाते ते चिकन नाकापाशी धरूनही घेत नसेल तर जागा तिला झेपत नाहीये, तेव्हा धीर द्यायला ओढत पुढे नेऊ नका, लांब न्या. दोनला परत सोडलीत तरी काही बिघडत नाही.

पंक्तिप्रपंच: आज्जींची काळजी वाटते मला. दूध-पोळी देतील, मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही, परतीच्या वाटेवर मित्राची कार धुवावी लागेल. आणि श्रावण आहे, प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, ते मात्र एकही नको, कुत्र्यांची किडनी जाऊ शकते. द्राक्षं, चॉकलेट, कांदाही अजिबात नको. चिकन नुसतं उकडलेलं, हाडं काढून. निघायच्या दोन-तीन तास आधी शेल्टरला पोटभर खायला घालू नका म्हणावं, लाळ गळायला लागली की समजायचं गाडी लागतेय. परत सोडायच्या आधी कान आणि बोटांच्या मधे गोचिडी बघा, पावसाळ्यात गवतातून हमखास येतात.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. टेकडी रद्द, घरही रद्द. मित्राच्या काकांचा पिरंगुटजवळ बंगला आहे, कंपाउंड पक्कं आहे, ते हो म्हणालेत. रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी टाकतोय. आज्जी रुसलीये, तिला फोटो दाखवू म्हटलंय. आता शेवटचं, हार्नेसचं माप मानेचं घ्यायचं का?

दोन_शेपट्या: दोन्ही घ्या पण साइज छातीवरून ठरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप फिरवायची, दोन बोटं जातील इतपत सैल. तुमची खारी उलटी सरकते ना, मग कमरेजवळ तिसरा पट्टा असलेला हार्नेस मिळतो, तोच बघा, त्यातून निसटणं अवघड. टेपने घाबरली तर सुतळीने मापा आणि सुतळी दुकानात घेऊन जा.