मदत हवी आहे: पुरानंतरच्या गढूळ पाण्यात मरळ कुठे शोधावी? अमेरिकेतल्या बास माशाचे नियम तिला लागू पडतात का?

सिमरोलरोड:
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, गळाने मासे धरायची जुनी हौस आहे. परवाच्या मुसळधार पावसाने चोरल धरण काठोकाठ भरलंय. पाण्याचा रंग चहासारखा, आणि एरवी कोरड्यात असणारी बेशरमाची झुडपं कमरेइतक्या पाण्यात उभी आहेत. 16 जून ते 15 ऑगस्टची मासेमारीबंदी उलटून गेली आहे आणि ज्यांच्याकडे ठेका आहे त्यांना विचारूनच बसतो, त्यामुळे ती चर्चा नको.

अडचण वेगळीच आहे. भाचा अमेरिकेतून आलाय. तो टेनेसीत राहतो आणि तिथल्या जलाशयांत लार्जमाउथ बास धरतो, धरून सोडूनही देतो. त्याचं म्हणणं, "मामा, पाऊस पडून गेला की आम्ही धरणाच्या भिंतीकडे बघतसुद्धा नाही." पाणी चढत असताना बास नव्याने बुडलेल्या गवतात घुसतो, कारण गांडुळं-किडे तिथेच वाहून येतात. पाणी उतरायला लागलं की तोच मासा झटकन मागे सरकून खोल कडेला जातो. गढूळ पाण्यात त्याला लांबचं दिसत नाही, म्हणून तो झुडपाला चिकटून राहतो. मग काळं किंवा गडद निळं, आकाराने मोठं आणि पाण्यात थरथरणारं लूर, म्हणजे खोटं आमिष, त्याच्या तोंडापाशी नेऊन द्यावं लागतं. शिवाय धरणाचं वरचं टोक, जिथे नाले येऊन मिळतात, ते आधी गढूळ होतं आणि आधी निवळतं, म्हणून दोनतीन दिवसांनी तिकडे जायचं.

ऐकायला पटतं. पण आपल्याकडे तो बास नाही, माझा सगळा जीव मरळीवर. दोघेही दबा धरणारे, झाडोऱ्यात राहणारे, इथपर्यंत ठीक. पण बास वसंतात अंडी घालतो, आपली मरळ ऐन पावसाळ्यात. बास कल्ल्यांनीच श्वास घेतो, मरळ वर येऊन हवा घेते. मग भाच्याच्या शास्त्रातलं किती उचलायचं आणि किती सोडून द्यायचं? त्याच्या पेटीत स्पिनरबेट, जिग, खुळखुळ वाजणारे क्रँकबेट, सगळ्या तऱ्हेची लूर आहेत. त्यातलं काय नेऊ?

देपालपूरकर:
लूरबिर सोडा हो. नाल्याच्या तोंडाशी तळाला गांडुळांचा झुबका लावून बसा. पढिन नाहीतर टेंगरा, असला मिशाळ मासा नक्की येईल. या दिवसांत मरळीमागे लागणं म्हणजे उपास.

सिमरोलरोड:
पढिन धरायची असती तर धागा कशाला काढला असता, भिया!

गंभीरकाठ:
भाऊ, तुमचा भाचा चुकत नाहीये, पण मरळीच्या बाबतीत एक सोय आहे जी बासवाल्यांना नाही. ती तुम्हीच लिहून गेलात आणि तशीच सोडून दिलीत. पाणी कितीही गढूळ असो, मरळीला हवेसाठी वर यावंच लागतं. पोचल्यावर लगेच गळ टाकू नका. झुडपांपासून जरा लांब, सावली पाण्यावर पडणार नाही असे गप्प बसा आणि बघत राहा. मासा वर येतो, तोंडाने हवा गिळल्याचा बारीक आवाज होतो, मागे एकदोन बुडबुडे राहतात. ती जागा लक्षात ठेवा. बासवाला अंदाजाने पन्नास झुडपं झोडपतो, तुम्हाला नेमकं झुडूप कळतं.

पाणी चढतंय की उतरतंय हे मात्र दोघांनाही सारखंच लागू. काठावर एक काडी खोचा, तासाभराने बघा. चढत असेल तर अगदी उथळ भागात बघा. मरळ तर बासच्याही पुढे जाते, बांध ओलांडून सोयाबीनच्या शेतात साचलेल्या पाण्यात सापडते, ओल्या जमिनीवरून सरपटतेसुद्धा. उतरत असेल तर शेतातून धरणात पाणी परत येतं ती चिंचोळी वाट धरा.

क्रँकबेट घरीच ठेवा, त्याचे उघडे तिहेरी गळ बेशरमात पहिल्याच फेकीला अडकतील. पोकळ रबरी फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं लूर न्या, काळा. त्याचे गळ अंगालगत असतात, झाडोऱ्यावरून सरकतो. हळू ओढा, मध्ये थांबवा. गढूळ पाण्यात मरळ तो डोळ्यांनी कमी आणि अंगाच्या बाजूला असलेल्या संवेदनरेषेने जास्त ओळखते, म्हणून फ्रॉग एका जागी थरथरत राहणं वेगापेक्षा महत्त्वाचं. झडप पडली की लगेच हिसका देऊ नका. मासा फ्रॉग घेऊन खाली जाऊ दे, दोर ताणला जाऊ दे, मग ओढा.

रामबागची_ताई:
एक विनंती. पृष्ठभागावर लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर तिथे फ्रॉग टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि घोळक्यावरून काहीही गेलं की रागाने झडप घालतात, म्हणून तेव्हा मरळ धरणं फार सोपं. ते मासे गेले की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी. बाजारात विकायला नाही ना नेणार? मग थोडं पुढचं झुडूप बघा.

आणि नाल्याच्या तोंडाशी उभे राहणार असाल तर वरच्या डोंगरावरच्या ढगांकडे लक्ष असू द्या. 2011 च्या जुलैत पातालपानीच्या धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब वाहून गेलं, ते इंदुरात कोणी विसरलेलं नाही. पाण्यात काड्या-पाचोळा एकदम वाढला की सामान तिथेच टाकून वर चढायचं. बुडलेल्या झुडपांवर साप चढून बसलेले असतात, तेव्हा अडकलेला गळ हाताने सोडवायला जाऊ नका.

सिमरोलरोड:
गंभीरकाठ, हवेचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. भाच्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, "हे तर चीटिंग आहे मामा." ताई, पिल्लांचं पक्कं, आणि नाल्याच्या तोंडाशी उभं राहणंच रद्द, उतरतं पाणी असेल तर शेताच्या बाजूने बसू.

आता एकच राहिलं. भाच्याकडचे फ्रॉग सगळे पिवळे-हिरवे आहेत. रविवारच्या आत इंदुरात काळा कुठे मिळेल, की पिवळ्याला मार्करने रंगवला तरी चालेल?

गंभीरकाठ:
पोट तेवढं रंगवा. मासा खालून बघतो.