गच्चीवरचं बार्बेक्यू, राख आणि वितळलेला डबा

बी ७०३: सुप्रभात. काल गच्चीवर सगळ्यांची मजा झाली असेल, आनंद आहे. पण माझे दोरीवरचे सगळे कपडे आज परत धुवायला टाकलेत आणि ह्यांचा खोकला पहाटेपर्यंत थांबला नाही. मागच्या वेळी हे सगळं बोलून झालं होतं ना, तेव्हा सगळ्यांनी हो हो म्हणून ग्रुपवर अंगठे टाकले होते

बी २०२: गच्चीच्या दाराजवळचा कचऱ्याचा डबा वितळलाय. सकाळी फिरायला गेलो तेव्हा दिसला. डबा कोण भरून देणार?

ए ५०४: काकू, काका आता कसे आहेत? नऊनंतर वारा उलटा फिरला आणि धूर थेट तुमच्या बाजूला गेला, तोपर्यंत अर्धं चिकन जाळीवर चढलं होतं. संध्याकाळी येतो घरी

बी ७०३: आता बरे आहेत. ये की, नको कशाला म्हणू. पण तू भेटून गेल्याने पुढच्या वेळचा धूर कमी होणार नाहीये बाळा

बी ५०१: चिकन मात्र एक नंबर होतं हं ५०४, बोटं चाटतच खाली उतरलो

सी १०१: तुमचं चिकन एक नंबर असेल. आमच्या मक्याला आणि मशरूमला चिकनचाच चिमटा लावला. वेगळी जाळी वेगळा चिमटा असं ठरलं होतं, वर्गणी मात्र सगळ्यांकडून सारखी घेतली

ए ५०४: ताई जाळी वेगळी होती, डावीकडची. चिमटा कोणीतरी मधेच उचलून नेला, तिथे पोरांची इतकी गर्दी की मी कोणाकोणाचा हात धरणार

बी २०२: डबा कोण भरून देणार?

बी ५०१: कशाने भरून हवाय काका, चिकनने का मक्याने

बी २०२: मस्करी नको. डबा सोसायटीचा आहे.

सी ६०२: चिमट्याचा प्रश्न फक्त व्हेज नॉनव्हेजचा नाहीये. कच्च्या चिकनचा चिमटा आणि ताट शिजलेल्या चिकनलाही लावायचं नसतं. कच्च्यावर साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू असू शकतात, ते शिजताना मरतात आणि आपण शिजलेले पीस परत त्याच ताटात काढले की पुन्हा लागतात. काल अगदी हेच चाललं होतं, मी सांगत होते पण गाण्यांच्या आवाजात ऐकतंय कोण. आणि कच्चं चिकन नळाखाली धूत होतात तेही बंद करा, शिंतोडे बेसिनभर उडतात, तिथेच मग कोणीतरी काकडी धुतं

बी ४०४: ५०४ भावजी एक विचारू का, रागावू नका. माझ्या मुलीच्या लेगपीसला हाडाजवळ लाल दिसत होतं, तिने अर्धा खाल्ला. कच्चा होता का तो?

ए ५०४: वहिनी कच्चा नव्हता, मी थर्मामीटर घालून बघत होतो. कोंबडी लहान वयाची असली की हाडातला रंग बाहेर उतरतो आणि धुराने पण मांस गुलाबी राहतं. त्यामुळे रंगावरून काहीच कळत नाही, वरून काळं झालेलं आतून कच्चं निघू शकतं आणि गुलाबी दिसणारं नीट शिजलेलं असू शकतं. सगळ्यात जाड भागात, हाडाला टेकू न देता थर्मामीटर घालायचा आणि ७४ अंश सेल्सिअस आले की खायचं. काल प्रत्येक लेगपीस मी तसाच उतरवलाय

सी ६०२: हे बरोबर आहे, त्याने खरंच प्रत्येक पीस बघितला, मी शेजारीच उभी होते. वहिनी काळजी नका करू

बी ४०४: थँक्यू दोघांनाही, जिवात जीव आला

सी १०१: चिमट्याचं उत्तर मिळालं नाही अजून

बी ४०२: गुड मॉर्निंग ऑल. रात्रीचं बरंच चिकन उरलंय, क्लबहाऊसच्या टेबलावर झाकून ठेवलंय, ज्यांना हवं त्यांनी डबे घेऊन या, अन्न वाया जाऊ नये 🙏

सी ६०२: रात्रभर बाहेर होतं का ते?

बी ४०२: झाकून होतं म्हटलं ना

सी ६०२: दादा झाकल्याने माशी बसत नाही, जंतू थांबत नाहीत. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे ते भराभर वाढतात. शिजवलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, हवा खूप गरम असेल तर एका तासात. प्लीज टाकून द्या

बी ४०२: चांगलं कडकडीत गरम केलं की काही होत नाही, आमच्या घरी वर्षानुवर्षं असंच खातात

सी ६०२: गरम केल्याने जंतू मरतील पण काही जंतू तोपर्यंत विष सोडून बसलेले असतात आणि ते उकळूनही जात नाही. लहान मुलं आणि ७०३ च्या काकांसारखी माणसं आहेत आपल्याकडे. वाया जायला मलाही आवडत नाही हो, म्हणूनच काल जाळीवरून काढतानाच अर्धं फ्रीजला लावा म्हणत होते

बी ४०२: ठीक आहे, तुम्ही सगळ्या हुशार. टाकतो.

सेक्रेटरी: नमस्कार. कृपया सर्वांनी संयम बाळगावा. ग्रुप महत्त्वाच्या सूचनांसाठी आहे. कमिटी योग्य तो निर्णय घेईल 🙏

बी २०२: डब्याचा निर्णय पण घ्या.

बी ७०३: सेक्रेटरी साहेब, मागच्या वेळी पण कमिटी घेणार होती. तुम्ही स्वतः काल मक्याची कणसं खात उभे होतात, वर बघून मी हाक मारली होती

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केलेला आहे

बी ५०१: काका डिलीट करायच्या आधी मी वाचला

बी ५०१: बरं ५०४ मला एक सांग, तुझा तो गोल झाकणवाला कशाला हवा, उघड्या जाळीवर भाजलं तर काय फरक

ए ५०४: फरकच फरक आहे. झाकण लावलं की उष्णता वरूनही लागते, जाड पीस आतपर्यंत शिजतो आणि हवा कमी मिळाल्याने भडका उडत नाही. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने ही भट्टी बनवली, तो ज्या कारखान्यात होता तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे, त्याने एक गोळा मधून कापला, खालच्या भागात कोळसा आणि वरचा भाग झाकण. मी निखारे सगळे एका बाजूला करतो, दुसरी बाजू रिकामी. आधी कडक बाजूला रंग आणायचा आणि मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावून शिजू द्यायचं. चरबी निखाऱ्यावर टपकते तिथूनच तो जाड धूर येतो, पीस बाजूला असले की टपकत नाही. काल नऊपर्यंत मी असंच करत होतो तेव्हा धूर होता का कोणाला? नंतर लोकांना घाई झाली आणि सगळ्या जाळीवर एकदम पसरलं

सी ६०२: आणि ताजा अननस चिकनमध्ये रात्रभर घालून ठेवणारे कोण होते? त्याचा लगदा झाला होता. ताज्या अननसात मांस विरघळवणारं एन्झाइम असतं, अर्धा तास पुरतो. लिंबाचं पण तसंच, जास्त वेळ ठेवलं की वरचा थर पिठूळ होतो आणि आत काही जात नाही, आत फक्त मीठ मुरतं

बी ४०४: मी होते

बी ५०१: वहिनी तो लगदा मी तीनदा घेतला, एक शब्द बोललो नाही

बी ७०३: कपडे कोण धुणार ते बोला आता

ए ५०२: मी हे सगळं वाचतोय शांतपणे. एवढी किटकिट असेल तर पुढच्या शनिवारी मी माझ्या बाल्कनीतच करतो. काचा लावून घेतो म्हणजे धूर कोणाकडे जाणार नाही, नाहीतर निखारे पेटवून वर करतो आणि धूर संपला की शेगडी आत आणतो. प्रश्नच मिटला

बी ५०१: वा, आमंत्रण आहे का

ए ३०३: ५०२, असं अजिबात करू नका. मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही पण हे सगळ्यांनी वाचा. माझी अख्खी नोकरी अग्निशमन दलात गेली. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर संपला म्हणजे तो संपला असं नसतं, उलट निखारा लाल असताना धूर जवळपास नसतो आणि हा वायू मात्र निघतच राहतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं होतं, माणसाला वाटतं दमलोय जरा पडतो, आणि तो उठत नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली तरी पुरत नाही. बंद बाल्कनी म्हणजे खोलीच. आम्ही अशा घरांची दारं तोडलेली आहेत, आत सगळं जागच्या जागी असतं, काही जळालेलं नसतं

ए ५०२: हे माहीत नव्हतं. नाही करणार

ए ३०३: घरात पेटती किंवा नुसती गरम शेगडीसुद्धा आणायची नाही, थंडीत ऊब म्हणून पण नाही. आणि कोणाला अशा ठिकाणी डोकं जड वाटलं तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, मग दवाखाना

बी ४०४: बाप रे. आमच्या ह्यांनी पण काल हेच बोलून दाखवलं होतं, बाल्कनीचं

बी २०२: साहेब तुम्हीच सांगा, डबा कसा वितळला मग? आग तर रात्रीच विझवली होती म्हणतात.

ए ३०३: मी पण तेच विचारणार होतो. फोटो टाका

बी २०२: (फोटो)

बी २०२: (फोटो)

ए ३०३: ही राख डब्यात टाकलेली आहे. वरून पांढरी दिसली म्हणजे विझली असं नाही, राख पांघरुणासारखी असते, तिच्या खाली निखारा एक दिवसाहूनही जास्त जिवंत राहू शकतो. दुसऱ्या फोटोत डब्याच्या मागे पुठ्ठ्याचे खोके दिसतायत, त्यांची एक बाजू करपलीये बघा. ते पेटले असते तर धूर आधी जिन्यात भरला असता आणि आपण सगळे त्याच जिन्याने खाली उतरणार होतो. डब्यापेक्षा हे मोठं आहे

सी १०१: ते खोके तिथे का आहेत हे मी कधीपासून विचारतेय. बी विंगच्या लोकांना सांगून दमले

बी ४०२: खोके माझे नाहीत

सी १०१: मी नाव घेतलं का कोणाचं?

ए ५०४: निघताना मी भट्टीचं झाकण आणि खालची हवेची झडप बंद केली होती, राख आतच होती. नंतर ती कोणी उपसली मला खरंच माहीत नाही, मदत म्हणूनच केली असेल कोणीतरी, त्यामुळे नाव शोधत नको बसूया. पण उरलेली राख टाकीच्या मागे पत्र्यावर ओतलेली आहे असं वॉचमन काका म्हणतायत

ए ३०३: मग ती पण गरम असेल. कोणी वर आहे का आत्ता? हाताने चाचपू नका

ए ५०२: मी जातो. बादली घेऊन

बी ७०३: पाणी माझ्याकडून घे रे, वरच्या मजल्यावर मीच आहे, खालून कशाला वाहतोस

ए ३०३: एकदम बादली उलटी करू नका, वाफ आणि राख अंगावर येते. थोडं थोडं घाला, लांब काठीने ढवळा, परत घाला. चुरचुर आवाज थांबून सगळा चिखल होईपर्यंत. चपला नको, बूट घाला

बी ५०१: मी पण चाललो, माझ्याकडे गमबूट आहेत

सेक्रेटरी: कृपया सर्वांनी काळजी घ्यावी. मी पण येतो आहे

सी ६०२: काय झालं? कोणीतरी टाका

ए ५०२: पहिल्या तांब्यालाच चर्र झालं. मधे अजून लाल होतं. वरून हात धरला तरी काही कळत नव्हतं. काकूंनी जुन्या मोपची काठी दिलीये, ५०१ ढवळतोय, सेक्रेटरी काका पाणी घालतायत

बी ७०३: बारा तास होऊन गेले आणि अजून लाल, मी स्वतः बघितलं. पत्र्याच्या खाली वॉटरप्रूफिंगचा डांबराचा थर आहे तो मऊ झालाय, बोट रुतलं माझं. पावसात गळायला लागलं तर माझ्या बेडरूममध्ये गळणार आहे हे लिहून ठेवा

सेक्रेटरी: मिस्त्रीला उद्याच बोलावतो. खोके आत्ता उतरवतो आहोत, कोणाचेही असोत. राखेसाठी झाकणवाला पत्र्याचा डबा सोसायटी घेईल, तो जिन्यात नाही तर उघड्यावर, भिंतीपासून लांब राहील. राख दोन दिवस त्यातच.

ए ३०३: आणि जाळी लावायच्या आधीच पाण्याची बादली शेजारी हवी. पण चरबीने भडका उडाला तर त्यावर पाणी नाही, झाकण लावायचं. निखाऱ्यावर रॉकेल पेट्रोल कोणीही ओतायचं नाही, काल एक बाटली मी स्वतः उचलून खाली नेली

बी ७०३: माझं एवढंच आहे की आधी एक दिवस सांगा. मी कपडे काढून घेईन, ह्यांना मुलीकडे पाठवीन. मला काय तुमचं खाणं डोळ्यावर येत नाही

ए ५०४: सांगेन काकू. आणि भट्टी पण पलीकडच्या कोपऱ्यात नेतो, तिकडून वारा मोकळ्या मैदानावर जातो. कपडे मी नेतो लाँड्रीत, बाहेर काढून ठेवा

बी २०२: डबा

बी ५०१: काका मी देतो डबा! आता तरी सोडा. प्लास्टिकचा का पत्र्याचा?

बी २०२: पत्र्याचा. पेडलवाला.

सी १०१: चिमटे पण दोन आणा, लाल आणि हिरव्या मुठीचे

ए ५०४: हो ताई. भट्टी हलवायला संध्याकाळी सहाला दोघं लागतील वर, जड आहे. ५०२ येशील?

ए ५०२: येतो. आधी आंघोळ करतो, राखेने माखलोय