मार्सेलिसला कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

कोकमकढी:
काल माळा आवरताना साबणाची हिरवट चौकोनी वडी सापडली, वर '७२%' (तेलाचं प्रमाण) कोरलेलं. २०१८ला सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हाची. पुस्तकात मार्सेलिस, तिकिटावर मार्सेय, यावरून अण्णा (सासरे) पॅरिसपासून गाडीत वाद घालत होते. त्यांना यायचं होतं एकाच कारणासाठी: ८ जुलै १९१०, मोरिया बोट, सावरकर. जुन्या बंदरावर पोचल्या पोचल्या चपला काढून पाण्याला हात जोडून उभे. बाजूला मासेवाल्या ओरडतायत, डोक्यावर तो वास्तुकार नॉर्मन फॉस्टरचा आरशाचा मांडव, त्यात अण्णा उलटे! हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.
तुम्ही काय पाहिलंत?

गोदीकर:
ताई, रागावू नका पण मोरिया तिथे लागलीच नसणार. मोठ्या आगबोटी तेव्हा जुन्या बंदरात येतच नसत, जोलिएतकडच्या गोद्यांना लागत.

कोकमकढी:
अण्णांना सांगू नका. ८४ वर्षांचे आहेत 🙏

मृद्गंध:
टेकडीवरचं नोत्र दाम द ला गार्द चर्च चुकवू नका. ६० नंबरची बस थेट वर जाते. आम्ही शहाणपणा करून चालत चढलो, आईचे गुडघे अजून बोलतात. आत छतापासून होड्या लटकतायत, छोट्या छोट्या, वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेल्या. आई म्हणाली, "म्हणजे नवस फेडलाय की." बरोबर तेच! गावातले लोक मेरीला 'बोन मेर' म्हणतात, भली आई. आमची भली आई तिथे अर्धा तास बसून राहिली, खाली चल म्हटलं तरी उठेना. १९४४च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा बाहेर भिंतीवर आहेत, त्या लेकाने शोधल्या.

डोंबिवली_फास्ट_नाही:
मिस्त्राल!! नाव गोड, वारा हलकट. शातो दीफची (बेटावरचा जुना तुरुंग-किल्ला) बोट दोन्ही दिवस रद्द. 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' कादंबरीतला कैदी त्या तुरुंगातून पळाला, आम्हाला आत शिरता आलं नाही.

पाटवडी_प्रेमी:
शाकाहारींनो, पानिस मागा. हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं. नवरा म्हणे एवढे युरो मोजून बेसनाची वडीच खाल्ली.

गोदीकर:
हाहा, आयडी सार्थ झाला.
बुइयाबेसमध्ये (इथला माशांचा रस्सा) आधी नुसता रस्सा आणतात, लसूण चोळलेल्या पावाबरोबर. मासे मागून, वेगळ्या ताटात. मालवणी माणूस भाताची वाट बघत बसतो. बिल बघून भूक मरते ते वेगळं.

मृद्गंध:
@गोदीकर मालवणात कुठले? माझं आजोळ देवबाग.

गोदीकर:
तारकर्ली! म्हणजे शेजारीच की. यंदा गणपतीला येताय का?

हिरवा_चाफा:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. कॅलांकला (कड्यांमधल्या समुद्राच्या खाड्या) उन्हाळ्यात जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी चौकशी करा, वणव्याच्या भीतीने वाटा बंद ठेवतात. त्यातल्या सुजितोंला त्या दिवसांत आधी नोंदणीही लागते. आम्ही केली नव्हती, लहान मुलं घेऊन परत फिरलो. पोरांनी मग प्रादोच्या किनाऱ्यावर गोटे गोळा केले, बॅग ४ किलोने जड.

नि:शब्द_नाना:
माझं पाकीट मेट्रोत गेलं. बाकी शहर चांगलं आहे.

एकटा_प्रवासी:
माझार्गची युद्ध दफनभूमी कुणी लिहिलीच नाही. १९१४मध्ये हिंदी फौजा फ्रान्सला आल्या त्या मार्सेयलाच उतरल्या. तिथल्या स्मारकावर आपल्या सैनिकांची नावं आहेत. दुपारी मी एकटाच होतो. मोठ्याने वाचत गेलो, सगळी नाही जमली.

कोकमकढी:
हे माहीत असतं तर अण्णांना नेलं असतं.

हिरवा_चाफा:
कुकर झाला. ताई, त्या साबणाने हळदीचे डाग जातात का हो?

कोकमकढी:
लावून बघते, अण्णांच्या बनियनवर.