प्रागच्या घड्याळात मकर संक्रांत चुकलीय का?

गड्डामैदान:
पंचांग वर्गाच्या तक्त्यासाठी प्रागच्या जुन्या शहर चौकातल्या खगोलीय घड्याळाचा फोटो घेतलाय. तारीख १४ जानेवारी, दुपारचे २. दोन गोष्टी जुळेनात. इकडे सोलापुरात गड्ड्याची यात्रा, दाते पंचांगात सूर्य नुकताच मकरेत. घड्याळात मात्र तो मकर ओलांडायला आलेला. शिवाय सोनेरी हात रोमन आकड्यांत २ वर, पण बाहेरच्या काळ्या कड्यावर साडेएकवीसच्या आसपास. बिघाड कुणात? चौकाच्या इतिहासाच्या चार ओळीही हव्यात, खात्रीच्याच.

घटीपळे:
बिघाड कुणातच नाही. ते घड्याळ सायन, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजणारं; आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून मोजणारं. तिकडे मकर २१-२२ डिसेंबरला लागते. सध्याचं अयनांश, म्हणजे या दोन मोजण्यांतलं अंतर, सुमारे २४ अंश, म्हणून १४ जानेवारीला सूर्य तिथे मकरेच्या २४ अंशांवर असतो आणि २० च्या सुमारास कुंभेत जातो. तक्त्यावर 'सायन राशी' एवढं लिहिलं की वाद मिटला.

बाहेरचं कडं जुन्या चेक पद्धतीचं. आपण दिवस सूर्योदयापासून मोजतो, ते सूर्यास्तापासून. २४ चा आकडा सूर्यास्तावर येतो. त्या दिवशी प्रागला सूर्य ४:२५ च्या आसपास मावळतो, म्हणजे २ वाजता आदल्या सूर्यास्ताला साडेएकवीस तास झालेले. सूर्यास्त वर्षभर सरकतो, तसं ते कडंही मागेपुढे सरकतं. तबकडी २४ तासांची आहे हे मात्र विसरू नका: दुपारचे १२ वर, मध्यरात्र खाली. पुष्कळ जण इथेच फसतात.

सावलीकाठी:
फोटो उन्हाळ्यातला असता तर आणखी घोळ झाला असता. तबकडी बारा महिने हिवाळी वेळ दाखवते. उन्हाळ्यात तिकडे वेळ तासभर पुढे करतात, म्हणून मोबाइल एक तास पुढे असतो.

चौकात फरशीत एक धातूची पट्टी आहे, तीही तक्त्यात घ्या. १६५० च्या मरियम स्तंभाची सावली मध्यान्हाला तिच्यावर पडायची आणि त्यावरून शहराची वेळ लावत. ३ नोव्हेंबर १९१८ ला, चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्यानंतर आठवडाभरात, जमावाने तो स्तंभ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीची खूण म्हणून पाडला. २०२० मध्ये प्रतिकृती उभी राहिली. रेखांशापोटी प्रागचं मध्यान्ह घड्याळाच्या बाराच्या जेमतेम सव्वादोन मिनिटं मागे. सोलापूरचं २६! कालसमीकरणाचा, म्हणजे सूर्याच्या आणि घड्याळाच्या वेळेतला दिवसागणिक बदलणारा फरक दोन्हीकडे सारखाच, तो याशिवाय धरायचा.

चौकशीखोर:
इतिहासात एक थाप हमखास शिरते: 'घड्याळ करणाऱ्या हानुशचे डोळे काढले.' दंतकथा आहे. मूळ यंत्र १४१० चं, कादानच्या मिकुलाशने बनवलेलं. गणिताचं श्रेय यान शिंदेल या खगोलज्ञाला देतात. तासाला खिडकीत फिरणारे येशूच्या प्रेषितांचे (शिष्यांचे) पुतळे फार नंतरचे. सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो, खेळ मिनिटभरात संपतो. सकाळी ९ ते रात्री ११ पर्यंतच. तेवढ्यात लोकांच्या माना वर आणि खिसेकापूंचे हात खाली.

८ मे १९४५ ला, युद्ध संपता संपता, ज्याच्या मनोऱ्यावर हे घड्याळ आहे ते नगरभवन पेटलं आणि घड्याळ जळालं. १९४८ ला पुन्हा चालू झालं. मनोऱ्याशेजारची मोकळी हिरवळ म्हणजे जळालेल्या, परत न बांधलेल्या नगरभवनाच्या भागाची जागा.

मनोऱ्याच्या पूर्व भिंतीपाशी फरशीत २७ पांढरे क्रूस आहेत. हॅब्सबर्गांविरुद्धच्या, व्हाइट माउंटनच्या लढाईत हरलेल्या बंडातले २७ जण २१ जून १६२१ ला इथे मारले: २४ शिरच्छेदाने, ३ फासावर. आपल्या चार हुतात्म्यांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी झाली, पुतळे सोलापुरात. प्रागला मात्र खूण मारल्या जागीच आहे, लोक नकळत तुडवत जातात.

गड्डामैदान:
'सायन' लिहिलं. सूर्यास्ताचं कडं वेगळ्या रंगात काढतो.

घटीपळे:
रंगवण्याआधी खाली टीप टाका: दुपारचे २ म्हणजे तिथल्या सूर्योदयापासून साधारण १५ घटी (एक घटी २४ मिनिटांची). मुलं तेच आधी विचारतील.