तुमचा ड्राइव्ह खरोखर किती जातो? (अनुभव धागा)

पुणेकर

गेल्या रविवारी बाबांच्या गोल्फच्या पिशवीची चेन दुरुस्तीला द्यायची म्हणून पिशवी रिकामी केली, तेव्हा आतल्या कप्प्यात त्यांची एक छोटी वही मिळाली. बाबा लष्करात अभियंता होते आणि निवृत्तीनंतर येरवड्याच्या मैदानावर नियमित खेळत असत. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेल्या प्रत्येक चेंडूपर्यंत (याच पहिल्या लांब फटक्याला ड्राइव्ह म्हणतात) ते पावले मोजत चालत. त्यांनी आपले पाऊल घरच्या अंगणात टेप लावून बरोबर एका यार्डाचे बसवून घेतले होते, हे मला आईने नंतर सांगितले. वहीत तारीख, होल, पावलांची संख्या आणि जमीन कशी होती एवढेच लिहिलेले आहे. १९९४ ते २००३ या काळात २४० च्या पुढचा आकडा फक्त दोनदा आढळतो आणि दोन्ही वेळा त्यापुढे ‘मे, जमीन कडक, वारा पाठीमागून’ अशी नोंद आहे. बाकी बहुतेक सगळे २०० ते २१५ च्या दरम्यान आहेत.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर जात असे. खेळ संपल्यावर चहा घेताना त्यांच्या चौकडीतले काका अडीचशे, पावणेतीनशे असे आकडे सांगत आणि बाबांना कुणी विचारले की ते शांतपणे ‘दोनशे दहा’ म्हणत. मला त्या आकड्याची लाज वाटत असे. वही वाचताना मात्र लख्ख आठवले की, फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, बाबांचा चेंडू त्या काकांच्या चेंडूंपासून दहा-पंधरा पावलांच्या आतच असायचा आणि कित्येकदा तो पुढेही असायचा.

मी स्वतः गेली वीस वर्षे कुणी विचारले की ‘अडीचशे’ असे सांगत आलो आहे आणि तो आकडा मी एकदाही मोजलेला नाही. आपण आपले अंतर कधी आणि कसे मोजलेत, मोजल्यावर काय वाटले आणि रेंजवर (सरावाच्या मैदानावर) आपण नेमका कशाचा सराव करता, हे कृपया लिहावे.

खारघरवासी

आपल्या वडिलांची वही जपून ठेवा, अशी नोंद ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मला माझे अंतर वयाच्या ४३ व्या वर्षी कळले. त्याआधी मी ज्या रेंजवर जात असे, तिथे वरच्या मजल्यावरून चेंडू मारायची सोय होती आणि २५० च्या फलकाच्या आसपास माझे चेंडू पडतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. उंचीवरून मारलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो आणि थोडा पुढे जातो. शिवाय मारणाऱ्याच्या जागेवरून पाहताना चेंडू फलकाच्या अलीकडे तीस यार्डांवर पडला की पलीकडे, हे डोळ्यांना नीट कळत नाही, कारण आपण त्याच रेषेत उभे असतो. एका मित्राने वाढदिवसाला लाँच मॉनिटरवरचे (फटक्याचा वेग आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावरचे) एक सत्र भेट दिले, तेव्हा माझ्या क्लबचा (काठीचा) वेग ताशी ८९ मैल, चेंडूचा वेग १२६ मैल आणि कॅरी, म्हणजे चेंडू जमिनीला टेकेपर्यंतचे अंतर, १९६ यार्ड आले. मी तिथल्या प्रशिक्षकांना यंत्र पुन्हा तपासायला सांगितले. त्यांनी न रागावता ते तपासले आणि पुढचा आकडा १९४ आला.

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट समजावली, ती सर्वांना उपयोगी पडेल. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागले की ‘स्मॅश फॅक्टर’ मिळतो आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या, बाबतीत तो जास्तीत जास्त १.५० च्या आसपास जातो, कारण क्लबच्या पृष्ठभागाच्या उसळीवर नियमांचीच मर्यादा आहे. माझा तो १.४२ होता. म्हणजे मी अंगातली सगळी ताकद लावली, तरी चेंडू क्लबच्या मध्यावर लागत नसल्यामुळे कित्येक यार्ड वाया जात होते. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडू ताशी सुमारे ११५ मैल वेगाने क्लब फिरवतात आणि त्यांची सरासरी कॅरी २८० यार्डांच्या घरात असते. ८९ मैलांच्या वेगाने कडक जमिनीवर घरंगळून चेंडू २१५ पर्यंत जाईल, पण अडीचशे कुठून येणार?

आर अँड ए या नियामक संस्थेने ब्रिटनमधल्या हौशी पुरुष खेळाडूंचे ड्राइव्ह प्रत्यक्ष मैदानावर मोजले आहेत. १९९६ मध्ये त्यांची सरासरी सुमारे २०० यार्ड होती आणि २०१९ मध्ये ती सुमारे २१६ झाली होती. आपल्या वडिलांचे ‘दोनशे दहा’ या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहा.

नाशिककर

वहीत जमिनीची नोंद आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे मे महिन्यात फेअरवे इतका टणक होतो की पडलेला चेंडू सहज पंचवीस-तीस यार्ड पळतो आणि जुलैमध्ये तोच चेंडू जिथे पडतो तिथेच चिखलात रुततो. त्यामुळे आमच्या गटात जो तो आपला मे महिन्यातला आकडा वर्षभर सांगतो. मी आता दोन आकडे लक्षात ठेवतो, उन्हाळ्याचे २२५ आणि पावसाळ्याचे १९५.

मुंबईहून, कॅडीचा मुलगा

माझे वडील मुंबईतल्या एका जुन्या क्लबात एकतीस वर्षे कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारे आणि क्लब हातात देणारे) होते आणि त्याआधी काही वर्षे आगेवाला होते. ज्यांनी पाहिलेले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आगेवाला म्हणजे टीवर न थांबता पुढे जाऊन, चेंडू जिथे पडण्याची शक्यता आहे तिथे उभा राहणारा आणि चेंडूवर नजर ठेवणारा माणूस. वडील म्हणायचे की आगेवाला ज्या झाडाखाली उभा राहतो, तेच त्या साहेबांचे खरे अंतर असते. काही साहेब हाताने खूण करून त्यांना आणखी मागे जायला सांगत. ते आज्ञेप्रमाणे मागे जात आणि साहेबांनी चेंडूकडे मान खाली घातली की पुन्हा आपल्या झाडाखाली येऊन उभे राहत, कारण चेंडू हरवला तर बोलणी त्यांनाच बसणार होती.

कॅडी झाल्यावर त्यांनी प्रत्येक खेळाडूचे खरे अंतर मनात ठेवले आणि ते कुणालाही सांगितले नाही. साहेबांनी दीडशे यार्डांवरून आठ नंबरची आयर्न (क्लबचा नंबर जितका मोठा, तितके अंतर कमी) मागितली, तर ते आठ नंबर पुढे करत, पण सात नंबरही अर्धी बाहेर काढून ठेवत आणि फक्त ‘समोरून वारा आहे, साहेब’ एवढेच म्हणत. वारा नसला तरीही ते तसे म्हणत. ज्यांना समजायचे ते सात नंबर घेत आणि ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक गवतावर, पोहोचत.

शाळेच्या सुट्टीत मी रेंजवर चेंडू वेचायला जात असे. चेंडू वेचणाऱ्या मुलाला जे दिसते ते मॅटवरून कधीच दिसत नाही. २५० च्या फलकामागे एका सकाळी आठ-दहा चेंडू मिळाले तर तो मोठा दिवस मानला जाई. आमच्या जाळीच्या टोपल्या १२० ते १८० या पट्ट्यातच भरत. १०० च्या फलकाजवळचा हिरवा गोल, जिथे वेजचा (आखूड फटक्यांच्या क्लबचा) सराव करायचा असतो, तो जवळजवळ रिकामा असायचा. सगळे जण ड्रायव्हर मारत होते आणि सगळ्यांचे चेंडू सात नंबरच्या अंतरावर पडत होते. हे पाहून मला त्या वयातही वाईट वाटायचे, कारण त्यांतले बरेच जण खूप मनापासून आणि घाम गाळून मारायचे.

बंगळूरहून, वाचक

कॅडींच्या मुलाने लिहिलेले मी दोनदा वाचले. आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा.

माझा ड्राइव्ह १४५ यार्ड जातो आणि हा आकडा मी पहिल्या दिवसापासून जशाच्या तसा सांगते, कारण स्त्रीने अडीचशे सांगितले तर कुणीही विश्वास ठेवणार नाही, त्यामुळे वाढवून सांगण्याचा मोह मला कधी झालाच नाही. मला त्रास होतो तो वेगळाच. रेंजवर मी साठ चेंडूंची बादली घेते आणि त्यांतले चाळीस शंभर यार्डांच्या आत मारते. दर आठवड्याला शेजारच्या मॅटवरचे कुणीतरी गृहस्थ थांबून मला ड्रायव्हर अधिक लांब कसा मारावा हे न विचारता शिकवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण मागच्या महिन्यात असे शिकवणाऱ्या एका गृहस्थांबरोबर योगायोगाने मी अठरा होल खेळले. प्रत्येक टीवर त्यांचा चेंडू माझ्या बराच पुढे होता आणि अठरा होलनंतर माझे फटके त्यांच्यापेक्षा नऊ कमी होते, आणि गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो.

आमच्या शहरातल्या अदिती अशोकची टोकियो ऑलिम्पिकमधली ती शेवटची फेरी मी पहाटे उठून पाहिली होती. तिचे ड्राइव्ह बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कितीतरी मागे पडत होते, तरीही ती चौथी आली आणि रौप्यपदकासाठी झालेल्या प्लेऑफपासून फक्त एका फटक्याने दूर राहिली. तिचे पटिंग (ग्रीनवरचे हलके फटके) पाहिल्यापासून मी रेंजवर पोहोचल्यावर आधी पटिंग ग्रीनवर वीस मिनिटे घालवते.

डेन्व्हरवासी

इथे येऊन मला नऊ वर्षे झाली. पहिल्याच वर्षी माझा ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढला आणि मी तो नव्या क्लबचा गुण मानला. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा विरळ असल्यामुळे चेंडूला होणारा विरोध कमी होतो आणि अंतर साधारण दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकते. २०२४ मध्ये इथून जवळच कॅसल पाइन्सला पीजीए टूरची बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप झाली, तेव्हा मैदान ८,१३० यार्ड लांब ठेवले होते, ते याच कारणामुळे. डिसेंबरमध्ये मुंबईला आल्यावर भावाबरोबर खेळलो आणि माझे वीस यार्ड तिथल्या हवेत परत गेले. भावाला मी आधी फोनवर आकडे सांगून ठेवले होते, याचे मला फार वाईट वाटले. तो काहीच बोलला नाही.

फ्रँकफर्टहून

एक छोटी भर घालतो. इथे सगळी अंतरे मीटरमध्ये असतात आणि भारतातून नव्याने आलेले मित्र फलकावरचा २१० वाचून निराश होतात. २१० मीटर म्हणजे जवळजवळ २३० यार्ड. याउलट, भारतात परत जाऊन मीटरचा आकडा यार्ड म्हणून सांगणारा आणि स्वतःवर अन्याय करून घेणारा गृहस्थही मी पाहिला आहे.

फिजिओ, कोल्हापूर

मी स्वतः खेळत नाही, पण माझ्याकडे गोल्फ खेळणारे रुग्ण येतात, म्हणून लिहितो आहे. पूर्ण अठरा होलच्या फेरीत ड्रायव्हर फार तर चौदा वेळा वापरला जातो, कारण उरलेले चार होल बहुधा आखूड, म्हणजे पार-तीनचे असतात. रेंजवर शंभर चेंडूंची बादली केवळ ड्रायव्हरने अर्ध्या तासात संपवली, तर सात फेऱ्यांचे ड्राइव्ह अर्ध्या तासात झाले, तेही बहुतेक वेळा गाडीतून उतरून थेट, अंग न तापवता. कंबर दुखत असल्याची तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिच्याखालोखाल कोपराच्या आतल्या बाजूची. मॅटच्या खाली सिमेंट असेल, तर जमिनीत बसलेला प्रत्येक आयर्नचा फटका हातात परत येतो. कृपया दहा मिनिटे अंग मोकळे करावे, लहान क्लबने सुरुवात करावी आणि दोन फटक्यांच्या मध्ये चेंडूमागे जाऊन उभे राहावे.

पुणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक अडचण विचारतो. शनिवारी मोजायचे ठरवले आहे. १५० चा खांब (ग्रीनपासून १५० यार्डांची खूण) धरून हिशेब केला तर चालेल का? ३८० यार्डांच्या होलवर चेंडू खांबाजवळ पडला, तर ३८० उणे १५०, म्हणजे २३०, असा मी आजवर हिशेब करत होतो.

खारघरवासी

त्या हिशेबातच बहुतेकांचे यार्ड वाढतात. कार्डावरचे ३८० हे जमिनीत पक्क्या बसवलेल्या खुणेपासून असतात, पण टीचे रंगीत ठोकळे रोज हलवले जातात आणि ते पंधरा-वीस यार्ड पुढे असले तर तेवढे यार्ड फुकट आपल्या नावावर जमा होतात. होल वळणाचा असेल आणि आपण वळण कापले, तर आणखी गोंधळ होतो. खांबाचे अंतर ग्रीनच्या मध्यापर्यंत आहे की पुढच्या कडेपर्यंत, हेही तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे. सगळ्यात सोपे म्हणजे आपल्या चेंडूजवळून मागे टीकडे लेझर लावावा किंवा वडिलांसारखे पाऊल बसवून घ्यावे. आणि चांगले लागलेले ड्राइव्ह निवडून मोजू नयेत. पीजीए टूरमध्ये दर फेरीत विरुद्ध दिशांचे दोन होल आधीच ठरवून मोजतात आणि चेंडू फेअरवेत असो वा रफमध्ये (बाजूच्या उंच गवतात), तो धरतात.

पुणेकर

शनिवारी अकरा ड्राइव्ह मोजले, रफमध्ये गेलेले तीनही धरले. सरासरी १९८ आली, सर्वांत लांब २१७. पाऊस झाल्यामुळे जमीन ओली होती. बाराव्या होलवर मी एरवी जिथे आठ नंबर घेऊन ग्रीनच्या आधीच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो, तिथे सहा नंबर घेतली आणि चेंडू ग्रीनवर राहिला. बाबांच्या वहीत शेवटी काही पाने कोरी आहेत, त्यांवर मी माझे आकडे त्यांच्याच पद्धतीने, जमिनीच्या नोंदीसह, पेन्सिलीने लिहिले आहेत.

मुंबईहून, कॅडीचा मुलगा

आपला शेवटचा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी विचारले की, बाराव्या होलवर वारा कुठून होता?

पुणेकर

समोरून होता. अगदी थोडा, पण समोरूनच होता.