"दोन तास घोड्यांची शर्यत": ब्लूग्रासवाल्यांच्या बाजूने चार शब्द

पाचवी_तार
परवा तिरकीट यांनी दुसऱ्या धाग्यावर ब्लूग्रासबद्दल (बँजो, फिडल, मँडोलिनवर वाजणारं अमेरिकेतलं जलद लोकसंगीत) लिहिलं: "रॅलेला ब्लूग्रासची मैफल ऐकली. दोन तास घोड्यांची शर्यत. सगळी गाणी एकच, नावं तेवढी वेगळी. तालवाद्य नाही, ठेहराव नाही. आमच्या गल्लीतल्या बेंजो पार्टीने याहून बरं वाजवलं असतं." खाली भराभर +१. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

मीही त्याच मैफलीला होतो, चौथ्या रांगेत. पाच जण आणि मध्ये एकच माइक. तिरकीट, तो माइक तुम्ही पाहिलात तरी का? ज्याची पाळी तो पुढे सरकतो, आधीचा कडेने मागे जातो. फिडलवाल्याचा गज टोपीला लागू नये म्हणून मँडोलिनवाला न बघताच मान कलती करतो. आवाज कमीजास्त करायचा तो पुढेमागे होऊन. आपल्या मंडळाच्या दिवाळीत बारा माइक असतात, 'हॅलो चेक'मध्ये पाऊण तास जातो आणि तरी नाट्यगीतातली पेटी कुणाला ऐकू येत नाही. असो.

तालवाद्य नाही म्हणता? बास पडत्या मात्रेवर, आणि मधल्या रिकाम्या जागेत मँडोलिनचा 'चक्'. तारा दाबून लगेच सैल सोडायच्या, म्हणजे सूर मरतो आणि ठोका उरतो. तोच तबला.

आता बँजोची पाचवी तार. ती आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी. तिच्यावर डावं बोट सहसा पडतच नाही, अंगठ्याने एकच सूर छेडत राहायचा. ही सतारीवरची चिकारी (एकच सूर छेडत राहायची तार) नाही तर काय आहे? बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या डिसेंबरात ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये आला आणि तीन बोटांच्या त्याच्या वादनाने या संगीताला आजचं रूप आलं. तो इथलाच, नॉर्थ कॅरोलायनाचा. तुम्ही इथे चौदा वर्षं राहता म्हणता!

तिरकीट
चौदा नाही, सोळा. आणि तिकीट मी स्वतःच्या पैशाने काढलं होतं, त्यामुळे कंटाळायचा हक्क माझा.

चिकारी म्हणजे 'झाला', सतारीवरचा शेवटचा जलद भाग; तो मलाही आवडतो हो. पण त्याआधी तासभर आलाप-जोड झालेला असतो, म्हणून तो अंगावर येतो. इथे पाहुण्याने चपला काढायच्या आत झाला सुरू, अडीच मिनिटांत खलास, टाळ्या, पुढचा झाला. आमची ही तिसऱ्या गाण्याला झोपली. तिला आगगाडीत झोप लागते, तशीच.

लालबागचा_कॅशिओ
तुमचं चालू द्या. मला त्या 'गल्लीतल्या बेंजो पार्टी'वर बोलायचंय. हे काय शिवीसारखं वापरता?

माझे बाबा वीस वर्षं बेंजो वाजवत होते. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारख्या कळा, उजव्या हातात पत्री. हातगाडीवर भोंगे, मागे जनरेटर, आणि पाऊस आला की बेंजोवर प्लास्टिक, बाबा भिजलेले. अनंत चतुर्दशीला दुपारी निघायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे. आई कोमट पाण्यात मीठ घालून त्यांची बोटं शेकायची. कळांनी बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, आजही आहेत. नंतर डीजे आला आणि मंडळांनी फोन उचलणं बंद केलं. एका मंडळाने शेवटच्या वर्षाचे पैसे अजून दिलेले नाहीत.

पाचवी_तार
बाबांबद्दल आदर आहेच. पण तो बँजो नाही, बुलबुलतरंग. जपानच्या ताइशोगोतोवरून आलेला, आणि ते वाद्य १९१२ चं. खऱ्या बँजोला ढोलकीसारखं तोंड असतं, पूर्वी कातड्याचं, आता बहुधा प्लास्टिकचं. नातं लावायचंच तर सरोदशी लावा.

लालबागचा_कॅशिओ
'खऱ्या'?? चार पिढ्या माणसं ज्याला बेंजो म्हणतात त्याला तुम्ही कॅरोलायनातून सर्टिफिकेट देणार? विसर्जनाला कुणी "बुलबुलतरंग पार्टी आली" म्हणतं का?

व्याकरणाचार्य_निवृत्त
बँजो की बेंजो, हे आधी ठरवा. एकाच धाग्यात दोन्ही वाचवत नाही.

लालबागचा_कॅशिओ
आले. तुम्हीच राहिला होतात.

अटलांटाची_मावशी
'खरा' शब्दावर मीही अडले. पाचवी_तार, तुमची लाडकी आखूड तार स्क्रग्जच्या आधी दीडेकशे वर्षं तरी भोपळ्याच्या बँजोवर होती, आणि तो वाजवणारे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक होते. सेनेगल-गांबियाकडच्या अकॉन्टिंग या भोपळ्याच्या वाद्याला आजही अंगठ्याची आखूड तार असते. खुद्द मन्रो पोरवयात केंटकीत अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबर नाचांच्या कार्यक्रमांत साथीला बसत असे. एवढं लांबलचक लिहिलंत, त्यांचं नाव नाही. तुमच्या 'खऱ्या' बँजोवाल्यांनीही तो दुसऱ्यांकडूनच घेतला की.

मी अशा मैफलींना जाते. हॅटवाल्यांच्या गर्दीत साडी नेसलेली मी एकटी. पहिल्यांदा शेजारच्या आजोबांनी विचारलं, "चुकून आलात का?" दुसऱ्यांदा स्वतःची खुर्ची दिली.

आणि तिरकीट, २०२४ ला ग्रॅमी घेताना झाकीरभाई आणि राकेश चौरसियांच्या जोडीला बेला फ्लेकचा बँजोच होता. तेव्हा तुम्हीच इथे अभिनंदनाचा धागा काढला होता, लिंक शोधून देऊ?

तिरकीट
झाकीरभाई शेजारी बसले की कुणीही चांगला वाजायचा. लिंक नको.

पाचवी_तार
मावशी, शुल्ट्झचं मान्य. लिहायला हवं होतं. पण 'लांबलचक' हा टोमणा गरजेचा नव्हता.
कॅशिओ, 'खरा' शब्द मागे घेतो. ताइशोगोतो मात्र मागे घेणार नाही.

लालबागचा_कॅशिओ
ठेवा तुमच्याकडे. काल बाबांना तीन बोटांच्या वादनाचा व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला. मग म्हणाले, "अंगठ्यात काय घालतो रे तो?"

पाचवी_तार
नखी. अंगठ्यात प्लास्टिकची, पुढच्या दोन बोटांत पत्र्याची. डिसेंबरात दादरला येतोय. बोटांचं माप व्यनिने (खासगी निरोपाने) कळवा, आणतो.

तिरकीट
सगळे गळ्यात गळे घालताय म्हणून माझंही एक कबूल करतो. मध्यंतरानंतर त्या मँडोलिनवाल्याची तार उतरली आणि चार मिनिटं तो आठही तारा जोडीजोडीने लावत बसला, ते फार आवडलं. तेवढाच काय तो विलंबित.